ब्रेकचा लाल दिवा फक्त घाट उतरताना लुकलुकतो. ऑइल भरल्यावर तीन आठवड्यांत पुन्हा तेच

कुंभार्लीचा प्रवासी (प्रश्न)

माझ्याकडे 2015 सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असून गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके अडकू न देणारी यंत्रणा) नाही. आजवर 78,000 किलोमीटर झाले आहेत. मी चिपळूणला राहतो आणि आई कराडला असल्यामुळे जवळजवळ दर आठवड्याला कुंभार्ली घाटातून जाणे-येणे होते.

साधारण महिन्याभरापूर्वी कराडहून परतताना, घाटमाथा ओलांडून पोफळीकडे उतरू लागलो आणि डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा (गोलातले उद्गारचिन्ह) लुकलुकू लागला. वळणावर ब्रेक दाबला की तो लागे आणि पाय काढला की विझे. पोफळीच्या सपाटीला आल्यावर तो पूर्ण बंद झाला. हँडब्रेक नीट उतरवलेला होता, याची मी उतरतानाच दोनदा खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दाखवले. मिस्त्रींनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी पाहिली, ऑइल खालच्या रेघेच्या जरा वर होते, ते वरच्या रेघेपर्यंत भरून दिले आणि 'आता काही होणार नाही' असे सांगितले. पाच मिनिटांचे काम होते आणि मजुरीही घेतली नाही.

त्यानंतर तीन आठवडे दिवा लागला नाही. या काळात अंदाजे 900 किलोमीटर झाले असतील. गेल्या रविवारी मात्र त्याच घाटात, जवळपास त्याच वळणांवर, दिवा पुन्हा लुकलुकला. घरी येऊन पाहिले तर ऑइल पुन्हा खालच्या रेघेला टेकलेले आहे. ब्रेक लागतात, पेडलही मला तरी नेहमीसारखेच वाटते.

प्रश्न दोन आहेत. दिवा फक्त उतारावरच का लागतो? आणि येत्या शनिवारी कराडला जायचे आहे, तर तूर्त पुन्हा ऑइल भरून जाऊन यावे का?

तारवाला

माझ्या गाडीतही दिवा असाच लुकलुकत असे आणि शेवटी दोष सेन्सरचा निघाला. ऑइलच्या डबीत एक तरंगणारी भिंगरी असते, तिच्यात लोहचुंबक असतो. भिंगरी खाली बसली की तळाशी असलेला स्विच जोडला जातो आणि दिवा लागतो. जुन्या गाड्यांत ही भिंगरी ऑइल शोषून जड होते आणि डबी भरलेली असली तरी बुडते. झाकणावरच्या किंवा डबीखालच्या स्विचची वायर काढून पाहा. दिवा विझला तर सेन्सर बदला. विनाकारण चारही चाके उघडून खर्चात पडू नका.

निवृत्त यंत्रशाळा

मी राज्य परिवहनच्या आगारात आयुष्य काढले. तिथल्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात आणि हवेचा दाब कमी झाला की बझर कर्कशपणे ओरडतो, त्यामुळे तिथे इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायची सोयच नसते. मोटारीचा दिवा मुकाट असतो, म्हणून त्याच्याबाबतीत आपण सगळेच जरा सैल वागतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

आधी वरच्या सल्ल्याविषयी. भिंगरी बुडण्याचा दोष खरोखर असतो, ते मी नाकारत नाही. पण तो ओळखण्याची खूण अशी, की डबीत ऑइल भरपूर असते आणि तरीही दिवा लागतो. इथे प्रश्नकर्त्यांनी स्वतः पाहिले आहे, की ऑइल खालच्या रेघेला टेकले आहे. म्हणजे सेन्सर खरे तेच सांगतो आहे. अशा वेळी वायर काढून दिवा विझेल (बहुतेक गाड्यांत तो विझतोच), पण त्यातून सेन्सर बिघडला असे सिद्ध होत नाही. तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद केले, एवढेच होते.

आता उतारावरच का, ते पाहू. गाडी नाकावर झुकली की डबीतले ऑइलही पुढे सरकते, आणि ब्रेक दाबल्यावर ते आणखी पुढे उसळते. ऑइल मुळातच काठावर असेल, तर भिंगरी ज्या बाजूला आहे तिथली पातळी क्षणभर खाली जाते आणि दिवा लागतो. सपाटीवर ऑइल परत समतल होते आणि दिवा विझतो. काही गाड्यांत हाच प्रकार तीव्र वळणावर किंवा चढावर दिसतो. डबीचा आकार आणि स्विचची जागा यांवर ते ठरते. त्यामुळे लुकलुकणारा दिवा म्हणजे 'वायर ढिली असेल' असे मानण्याआधी डबीकडे पाहावे. लुकलुकणे ही सुरुवात असते, ऑइल आणखी उतरले की दिवा कायमचा लागतो.

मुख्य मुद्दा यापुढे आहे. ब्रेकचे ऑइल इंजिन ऑइलसारखे जळत नाही. ते बंद नळ्यांत असते आणि डबीतली पातळी उतरण्याच्या दोनच वाटा आहेत. एक तर ब्रेक पॅड झिजतात, मग कॅलिपरमधला (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातला) पिस्टन तेवढा बाहेर येतो आणि त्याच्या मागची रिकामी झालेली जागा भरायला डबीतले ऑइल खाली जाते. नाही तर ऑइल कुठून तरी गळते. पहिली गोष्ट नैसर्गिक आहे आणि पॅड बदलून पिस्टन मागे दाबले की ते ऑइल आपोआप डबीत परत येते. म्हणूनच पॅड झिजलेले असताना मध्येच ऑइल भरले, तर नवे पॅड बसवताना डबी भरून वाहते आणि ते ऑइल जिथे सांडेल तिथला रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

आपल्या बाबतीत यांपैकी कोणती वाट आहे, ते हिशेबाने कळते. छोट्या गाडीच्या पुढच्या कॅलिपरचा पिस्टन साधारण 50 मिलिमीटर व्यासाचा धरा. नवा पॅड 10 मिलिमीटर जाडीचा आणि तो 3 मिलिमीटरवर बदलायचा, म्हणजे एका पॅडची झीज 7 आणि आतला-बाहेरचा मिळून 14 मिलिमीटर. तेवढा पिस्टन पुढे आला की त्याच्यामागे सुमारे 27 मिलिलिटर ऑइल जाते. दोन्ही चाकांचे मिळून 55 मिलिलिटर. पॅडच्या संपूर्ण आयुष्यात, म्हणजे बहुधा तीस-चाळीस हजार किलोमीटरमध्ये, डबीतून एवढेच ऑइल उतरायला हवे, आणि दोन रेघांमधले अंतरही ढोबळमानाने याच हिशेबाने ठेवलेले असते. मागच्या ड्रमची भर फार थोडी, कारण तिथे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) झिजतील तसा त्यांचा ताण आपोआप जुळवून घेणारी कळ असते. आपल्या डबीतले ऑइल वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत 900 किलोमीटरमध्ये उतरले. पॅड एवढ्यात संपू शकत नाहीत. ऑइल गळते आहे.

म्हणून शनिवारच्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. ऑइल भरून घाटात जाणे म्हणजे किती गळते, कुठून गळते आणि ते केव्हा वाढेल, हे ठाऊक नसताना सर्वांत जास्त ब्रेक लागणाऱ्या रस्त्यावर जाणे. ब्रेकच्या नळ्या दोन स्वतंत्र जोड्यांत विभागलेल्या असतात आणि डबीतही त्यासाठी मध्ये पडदा असतो, त्यामुळे एक जोडी रिकामी झाली तरी दुसरीने गाडी थांबते, हे खरे. पण त्या वेळी पेडल खूप खाली जाते आणि थांबण्याचे अंतर वाढते. हा अनुभव पहिल्यांदाच घाटाच्या वळणावर घेऊ नये.

गळती शोधण्याची सुरुवात घरीच करता येईल. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा आणि विजेरी घेऊन चारही टायरची आतली बाजू पाहा. ऑइल बाहेरून फारसे दिसत नाही, ते आतल्या बाजूने ओघळते. मग इंजिन चालू करून पेडल मध्यम जोराने मिनिटभर दाबून धरा. इंजिन सुरू होताक्षणी पेडल थोडे खाली जाते, तो बूस्टरचा (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याचा) नेहमीचा परिणाम आहे. पण त्यानंतरही ते सावकाश खाली सरकत राहिले, तर इंजिन बंद करा आणि गाडी चालवत न नेता उचलून न्या.

चाके कोरडी असतील तर आणखी दोन ठिकाणे राहतात. मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर ऑइल नळ्यांत ढकलणाऱ्या भागाचे) मागचे रबर गेले असेल तर ऑइल सरळ बूस्टरच्या पोटात साठते आणि बाहेर थेंबही पडत नाही. मास्टर सिलिंडरचे दोन नट सैल करून तो बोटभर पुढे ओढला की मागे ओल दिसते. दुसरे म्हणजे काही गाड्यांत क्लचही ऑइलवर चालतो आणि त्याला ऑइल याच डबीतून जाते, तेव्हा क्लचच्या पेडलखालची चटईही पाहावी. आपला क्लच केबलचा असेल तर हा भाग सोडून द्या.

दोन दिव्यांचा धनी

काकांचे उत्तर वाचून एक जोडप्रश्न. माझ्या 2019 नंतरच्या गाडीत ब्रेकचा लाल दिवा आणि एबीएसचा पिवळा दिवा एकदमच लागले आहेत. डबी वरच्या रेघेपर्यंत भरलेली आहे. हेही ऑइलचेच दुखणे समजावे का?

निवृत्त यंत्रशाळा

नाही, हे दुखणे वेगळे. भारतात एप्रिल 2019 पासून सगळ्याच नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झाले आणि त्याच यंत्रणेत पुढच्या व मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी असते. नुसता पिवळा दिवा लागला तर एबीएस बंद पडले, साधे ब्रेक शाबूत, असे समजावे. त्याच्या जोडीला लालही लागला आणि ऑइल पुरेसे आहे, तर बहुधा ईबीडीही बंद पडली आहे. अशा वेळी जोरात ब्रेक मारल्यास मागची चाके आधी अडकून गाडी फिरू शकते. सावकाश, अंतर राखून गाडी गॅरेजपर्यंत न्या आणि स्कॅनर (गाडीच्या संगणकातला दोषाचा कोड वाचणारे यंत्र) लावायला सांगा. पावसाळ्यानंतर चाकाजवळच्या सेन्सरची वायर किंवा त्यावर बसलेला चिखल-गंज हे कारण पुष्कळदा निघते. पण अंदाजाने सुटे भाग बदलू नका, कोड पाहून ठरवा.

कुंभार्लीचा प्रवासी

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. शनिवारी मी एसटीने कराडला गेलो आणि रविवारी परत आल्यावर विजेरी घेऊन गाडीखाली वाकलो.

पुढची दोन्ही चाके कोरडी होती. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या भिंतीवर मात्र बोटभर रुंदीचा ओला पट्टा दिसला. त्यावर ब्रेकची धूळ चिकटून काळे, लोण्यासारखे कीट तयार झाले होते आणि रिमच्या आतल्या कडेचा चंदेरी रंग नखाने निघेल इतका फुगला होता. पेडल मिनिटभर दाबून पाहिले, ते खाली सरकले नाही. ओला पट्टा ग्रीसचा असू शकेल का, अशी एक शंका मनात आहे. आणि गॅरेजमधून फोनवर असे सांगण्यात आले, की ड्रम उघडून व्हील सिलिंडरला (लायनर ड्रमवर दाबणाऱ्या भागाला) नवे रबर किट टाकू, लायनर पेट्रोलने धुऊन घेऊ आणि काम होईल. यात काही हरकत आहे का?

निवृत्त यंत्रशाळा

ग्रीस असेल तर ते घट्ट असते, आपले बोट त्यात रुतते. ब्रेक ऑइल पातळ आणि बुळबुळीत असते, आणि रिमचा रंग फुगणे ही त्याचीच सही आहे. आपल्या गाडीत मागच्या चाकाला गिअरबॉक्सचे तेल पोहोचतच नाही, त्यामुळे व्हील सिलिंडरशिवाय दुसरा संशयित उरत नाही.

किटबद्दल माझे मत प्रतिकूल आहे, आणि त्यामागे कारण आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, ते अधिकच लवकर होते. ऑइलमध्ये मिसळलेले हे पाणी व्हील सिलिंडरच्या ओतीव लोखंडाच्या आतल्या भिंतीला गंजाचे बारीक खड्डे पाडते. पिस्टन पुढेमागे होताना रबराची कडा त्या खड्ड्यांवर घासून फाटते आणि गळती सुरू होते. नवे रबर घातले तरी खड्डे तिथेच राहतात. मिस्त्रींना सिलिंडर उघडून आपल्यासमोर आत बोट फिरवायला सांगा. भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तर किट चालेल. नखाला काही अडखळले तर पूर्ण सिलिंडर बदला, आणि उजव्या बाजूचाही बदला, कारण त्याचे वय तेवढेच आहे.

लायनर पेट्रोलने धुणे मात्र कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नका. लायनर सच्छिद्र असतो, त्यात मुरलेले ऑइल धुतल्याने वरवर जाते आणि ड्रम तापला की पुन्हा पृष्ठभागावर येते. काही ठिकाणी ते पेटवून 'जाळून' घेतात, ते तर आणखी वाईट. मग एका बाजूचा ब्रेक कमी, दुसऱ्या बाजूचा जास्त, असे होऊन गाडी ओढली जाते. लायनरचा पूर्ण संच, दोन्ही चाकांना, नवा घाला.

ऑइल बदलणे हे याच कामात येते. ब्लीडिंग (नळ्यांतली हवा काढणे) करताना चारही चाकांच्या निपलमधून जुने ऑइल पूर्ण निघून नवे येईपर्यंत ते वाहू द्यावे आणि बाटलीत जमलेले ऑइल पुन्हा डबीत ओतू देऊ नये. डबीच्या झाकणावर डॉट 3 की डॉट 4 (ब्रेक ऑइलची प्रत) ते लिहिलेले असते, ते पाहूनच आणावे. डॉट 4 चा उकळबिंदू कोरडे असताना किमान 230 अंश आणि ओल शोषल्यावर किमान 155 अंश सेल्सिअस असा प्रमाणित आहे, डॉट 3 साठी हेच आकडे 205 आणि 140 आहेत. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर हे ओले ऑइल कॅलिपरपाशी उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखे लागते. नियमित घाट चालवणाऱ्याने दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे, आणि घाट ज्या गिअरमध्ये चढता येतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हे आपल्याला ठाऊक असेलच. डॉट 5 हे सिलिकॉनचे असते, ते या ऑइलमध्ये मिसळू नये. डॉट 5.1 हे वेगळे आहे, नावाने फसू नका.

तारवाला

माझा सल्ला इथे लागू नव्हता, हे मान्य करतो. पातळी न पाहताच मी वायरकडे वळलो. माझ्या गाडीत डबी खरोखरच भरलेली होती, त्यामुळे तिथे तो बरोबर ठरला.

कुंभार्लीचा प्रवासी

काम झाले. ड्रम काढल्यावर आतले दृश्य पाहण्यासारखे होते. डावे लायनर ओल्या चामड्यासारखे काळे पडले होते आणि सिलिंडरचे धुळीचे रबर बाजूला करताच चमचाभर ऑइल बाहेर आले. मिस्त्रींनी बोट फिरवले, मग मलाही फिरवायला दिले. खालच्या बाजूला मिरीच्या दाण्यासारखे तीन-चार खड्डे स्पष्ट लागत होते. त्यानंतर किटचा विषय त्यांनीच बंद केला. उजव्या बाजूचा सिलिंडर गळत नव्हता, पण आत गंजाची सुरुवात झालेली होती. बाटलीत उतरलेले जुने ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचे होते आणि नवे जवळजवळ पाण्यासारखे. दोन्ही सिलिंडर, लायनरचा संच, ऑइल आणि मजुरी मिळून 3,850 रुपये झाले. पुढचे पॅड मोजले, ते 6 मिलिमीटर आहेत.

डबीवर सध्याच्या पातळीला मी मार्करने बारीक खूण करून ठेवली आहे. काल घाट उतरून आलो. दिवा लागला नाही आणि ऑइल खुणेवरच आहे.

एक लहानशी शंका उरली आहे. काम झाल्यापासून हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच वर ओढावा लागतो. पूर्वी पाच टिकटिकींत लागत असे, आता नऊ लागतात. केबल आवळून घेऊ का?

निवृत्त यंत्रशाळा

केबलला अजून हात लावू नका. नवे लायनर ड्रमपासून थोडे दूर बसवले गेले आहेत आणि आतली ताण जुळवणारी कळ अजून पुढे सरकलेली नाही. मोकळ्या जागी गाडी हळू मागे-पुढे घेऊन दहा-पंधरा वेळा ब्रेक दाबा, बहुतेक गाड्यांत तेवढ्याने फरक पडतो. तरीही टिकटिकी कमी झाल्या नाहीत, तर ड्रम पुन्हा काढून ती कळ हाताने फिरवून घ्यायला सांगा आणि केबल सगळ्यांत शेवटी पाहा. लायनर सैल असताना केबल आधी आवळली, तर ती कळ कामच करत नाही, पेडल खोल जाऊ लागते आणि लायनर ड्रमला घासत राहतात. काम झाल्यावर मागची दोन्ही चाके जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहा. हँडब्रेक उतरवलेला असताना ती मोकळी फिरली पाहिजेत.